लेन्स घेण्याआधी खोली मोजा

संपादक महाशय,

सणासुदीच्या जाहिरातींत कॅमेऱ्यासोबत दोन लेन्सचा जोड हमखास असतो, १८-५५ मिमी (हीच किट लेन्स) आणि एक मोठी, ७०-३०० सारखी. मिमीचा आकडा जितका मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं. एकात दोन मिळाल्या म्हणून गिऱ्हाईक खूश. पण घरातला वाढदिवस, हळदीचा मांडव, चितारओळीतल्या अर्ध्या रंगवलेल्या मूर्ती हे सगळं १८ ते ५५ मध्येच उरकतं आणि मोठी लेन्स कपाटात पडून राहते. वर्षातून एकदा पेंचला जायचं असेल तर ती भाड्याने घ्यावी. तेच पैसे रोजच्या वापराच्या एका छोट्या, जास्त उघडणाऱ्या प्राइम लेन्सवर, म्हणजे झूम नसलेल्या लेन्सवर, लावले तर फोटोत फरक दिसतो.

आता कोणती प्राइम? दुकानदार, मित्र, भाचा, सगळ्यांचं एकच उत्तर: ‘फिफ्टी घे.’ ५० मिमी एफ/१.८ (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते) स्वस्त आहे आणि चांगलीही आहे, पण आपल्याकडचे बहुतेक हौशी कॅमेरे क्रॉप सेन्सरचे असतात, म्हणजे सेन्सर जुन्या फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान, त्यामुळे फोटोत कमी जागा मावते. निकॉनवर तिचा कोन ७५ मिमीसारखा होतो, कॅननवर ८० सारखा. कॅमेरा उभा धरून माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचा, वर-खाली थोडी जागा सोडायची, तर फ्रेममध्ये दोन मीटर उंची बसवावी लागते. त्यासाठी ५० मिमीला साधारण १४ फूट मागे जावं लागतं, ३५ ला १० फूट, आणि कॅननवर २४ ला जेमतेम ७ फूट. आमच्या महाल भागातल्या जुन्या घरातली दहा बाय बारा फुटांची खोली घ्या, त्यात दिवाण आणि आलमारी धरा. ५० वाला फोटोग्राफर दाराबाहेर उभा राहणार. म्हणून आधी टेप लावून खोली मोजावी.

निकॉन डीएक्सवाल्यांचं (निकॉनचे क्रॉप सेन्सरचे कॅमेरे) सोपं आहे. ३५ मिमी एफ/१.८ जी ही २००९ साली आलेली लेन्स, वजन २०० ग्रॅम, जुन्या बाजारातही भरपूर. कॅननवाल्यांची मात्र पंचाईत होते. त्यांच्या स्वस्त पर्यायांत ईएफ-एस २४ मिमी एफ/२.८ एसटीएम खोलीसाठी बरोबर बसते, १६ सेंटिमीटरवरूनही फोकस करते, पण २४ वर किट लेन्सच चारच्या आसपास उघडत असल्याने प्रकाश फक्त दुप्पट मिळतो. खोली लहान तर २४, गॅदरिंगचं स्टेज आणि चेहरे जास्त तर ५०, असा माझा सल्ला.

प्रकाशाचा हिशेब निकॉनच्या ३५ वर स्पष्ट दिसतो. तिथे किट लेन्स साधारण ४.५ ला उघडते. १.८ ला त्याच्या सहापट प्रकाश आत येतो. ट्यूबलाइटच्या खोलीत ज्या आयएसओला (सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या आकड्याला) शटर १/१५ सेकंद मिळत होतं, तिथे १/१०० च्या जवळ पोचतं आणि केक कापणाऱ्या मुलाचा हात हलत नाही. मोह झाला तरी १/१०० च्या पुढे जाऊ नका. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतो. शटर त्याहून वेगवान ठेवलं की फोटोत आडवे काळपट पट्टे येऊ शकतात. स्वस्त एलईडी माळाही हाच त्रास देतात. आणि सारखं १.८ वर राहू नये. दोन माणसं असतील तर २.८, दोन रांगा असतील तर ५.६, नाहीतर मागच्या रांगेतली आजी धूसर येते आणि तिचं ऐकून घ्यावं लागतं.

किट लेन्स विकू नका. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इतवारीच्या गल्लीत भर उन्हात १८ मिमी, एफ/८, १/५०० एवढं पुरतं. त्या गर्दीत लेन्स बदलली तर सेन्सरवर धूळ बसलीच म्हणून समजा.

जुनी लेन्स घेताना निकॉनच्या ५० मिमी १.८ डी पासून सावध राहावं. तिच्यात मोटर नसते. डी३५००, डी५६०० यांसारख्या कॅमेऱ्यांच्या बॉडीतही नसते, त्यामुळे ऑटोफोकस चालतच नाही. ‘फोकस बिघडलाय’ म्हणून दुरुस्तीला आणलेली ही लेन्स बहुतेकदा धडधाकट असते. नावात एएफ-एस आहे का, एवढं पाहिलं की झालं.

तपासणीला आपल्याच अंकाचं छोट्या जाहिरातींचं पान भिंतीवर ताठ चिकटवा. कॅमेरा टेबलावर, पानाला समांतर, अॅपर्चर पूर्ण उघडं, दोन सेकंदांचा टायमर. फोटो मोठा करून चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचा. चारही सारखेच थोडे मऊ असले तर चालेल. एकच कोपरा विरघळला असेल तर आतली काच सरकलेली आहे, लेन्स पडलेली असण्याची शक्यता दाट; परत द्या. मग एफ/११ वर सलग दहा फोटो काढा. मधलेच एकदोन जास्त उजळ आले तर अॅपर्चरच्या पाकळ्यांना तेल लागून त्या अडकताहेत. शेवटी मोबाइलचा टॉर्च मागून तिरपा धरा. धुळीच्या दोनचार कणांनी काही बिघडत नाही, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. साफ केली तरी काचेवरच्या लेपावर तिचा डाग राहू शकतो.

बुरशी पावसाळ्यातच येते असं समजून नागपूरकर मे महिन्यात निर्धास्त असतात. बाहेर हवा कोरडी असते हे खरं, पण कॅमेऱ्याची बॅग कूलरसमोरच्या टेबलावर असते आणि कूलर दिवसभर त्या खोलीत पाण्याचा दमटपणा ओततो. लेन्स स्टीलच्या नव्हे, रबरी कडेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, कूलर नसलेल्या खोलीत ठेवावी. निळे दाणे गुलाबी झाले की पुड्या बदलायच्या.

– एक वाचक, महाल, नागपूर