‘येण्याचा उद्देश : पर्यटन’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चर्चच्या मंडळ्यांच्या परदेशी सेवादौऱ्यांवरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. फोटो छान होते. मुलांच्या घोळक्यात पाहुणे, मागे बॅनर. अशाच एका फोटोत मीही आहे, डावीकडून तिसरी. पण त्या फोटोच्या दोन दिवस आधी नैरोबीच्या विमानतळावर आमच्या 11 जणांचं जे झालं ते कुठल्या फोटोत आलेलं नाही. लेखातही विमान उतरल्यानंतरचा सगळा भाग ‘औपचारिकता आटोपून’ एवढ्यात आटोपला आहे. मला त्या औपचारिकतेबद्दलच लिहायचं आहे.

मी निवृत्त परिचारिका. 35 वर्षं वॉर्डात गेली. मंडळीत मला सगळे सिस्टर म्हणतात, त्यामुळे केनियाच्या दौऱ्याचं ठरलं तेव्हा वैद्यकीय शिबिर न विचारताच माझ्या गळ्यात पडलं. मलाही ते हवंच होतं, उगाच खोटं कशाला बोला.

पिवळ्या तापाची लस सगळ्यांनी वेळेत, म्हणजे निघण्याच्या दहा दिवसांपेक्षा आधी घेतली. माझं वय साठीच्या पुढचं, म्हणून डॉक्टरांनी दोनदा विचार करायला सांगितलं, तरी घेतली. कारण लसीचा दाखला असलेलं ते पिवळं कार्ड नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. आता मागे वळून पाहते तेव्हा हसू येतं. घरी परत येता यावं म्हणून आम्ही एवढे जागरूक, आणि ज्यांच्या घरी निघालो होतो त्यांच्या दारात नीट उभं राहता यावं म्हणून काहीच केलं नव्हतं.

जानेवारी 2024 पासून केनियानं व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवाना सुरू केला आहे. अर्जात येण्याचा उद्देश विचारतात. आमच्या दौराप्रमुखांनी 11 जणांचे अर्ज एका रात्रीत बसून भरले आणि प्रत्येकापुढे ‘पर्यटन’ लिहून टाकलं. “सगळे तसंच लिहितात,” ते म्हणाले. मी अर्ज वाचला होता, तेव्हा मीही त्यात आहेच.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. रांगेत 11 पर्यटक. सगळ्यांच्या अंगात एकसारखे पिवळे टी-शर्ट, पाठीवर शास्त्रवचन आणि खाली ठळक अक्षरांत ‘मिशन टीम’. खिडकीतल्या बाईंनी माझ्या पुढच्या मुलाच्या बोटांचे ठसे घेता घेता सहज विचारलं, कशासाठी आलात? तो आमच्या मंडळीच्या तरुण संघाचा, घाबरून खरं बोलला : प्रभूच्या सेवेसाठी. शेजारच्या खिडकीवर आमचे खजिनदार ठासून ‘पर्यटन’ म्हणाले. काय बघणार, तर मसाई मारा. त्यांच्या हातातलं पुढचं तिकीट मोंबासाचं होतं. मसाई मारा एका दिशेला, मोंबासा नेमकं उलट.

आम्हाला बाजूच्या खुर्च्यांवर बसवलं. चार तास. कुणी आवाज चढवला नाही, उलट एका अधिकाऱ्यानं पाणी आणून दिलं आणि टी-शर्टांकडे बघत म्हणाला, “माझ्या गावात एका रस्त्यावर तीन चर्च आहेत. तुम्ही कुठल्या चर्चला मदत करणार?” त्याच्या बोलण्यात टोमणा होता की नाही, अजून ठरवता येत नाही. केनियात 2019च्या जनगणनेनुसार 85 टक्क्यांहून अधिक लोक ख्रिस्ती आहेत. आपल्याकडे 2011च्या जनगणनेत 2.3 टक्के. 2.3 वाले 85 वाल्यांकडे सुवार्ता घेऊन आले होते!

मग बॅगा उघडल्या. औषधांची बॅग माझी, 23 किलोची. तीन महिने ओळखीच्या दवाखान्यांत फिरून मी नमुन्याच्या गोळ्या गोळा केल्या होत्या. घरी जेवणाच्या टेबलावर पट्ट्या मोजून, प्रकार लावून कॅरीबॅगांत बांधल्या होत्या. पहिल्यांदा गेल्या त्या कॅरीबॅगाच. 28 ऑगस्ट 2017 पासून तिथे प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, 40 लाख शिलिंगपर्यंत दंड किंवा चार वर्षांपर्यंत कैद. आमच्याकडून दंड घेतला नाही, फक्त पिशव्या काढून घेतल्या. तीन महिन्यांची माझी मांडणी स्टीलच्या टेबलावर एका ढिगात ओतली गेली. कस्टमच्या माणसानं एक पट्टी उचलली, उलटी केली, उजेडात धरली. “विक्रीसाठी नाही,” त्यानं वाचलं. मग मुदत वाचली, चार महिने उरलेले. मग दुसरी पट्टी. तिची पाच. औषधं आयात करायला तिथल्या औषध मंडळाचा परवाना लागतो, तो आहे का, त्यानं विचारलं. नव्हता.

वॉर्डात एखाद्या शिकाऊ मुलीनं अशी ट्रॉली पुढे आणली असती तर मी तिला उभी केली असती. दान दिलेल्या औषधांची मुदत पोचल्यावर किमान एक वर्ष उरलेली हवी, आणि डॉक्टरांना मिळालेले फुकटचे नमुने दान करायचे नाहीत, हे जागतिक आरोग्य संघटनेचे जुने संकेत आहेत. मला ते ठाऊक होते. पण आपण ‘सेवेला’ निघालो की ठाऊक असलेलंही बाजूला पडतं, असा माझा स्वतःबद्दलचा अनुभव आहे.

शेवटी आमचे यजमान, तिथल्या मंडळीचे एक वडीलधारे पुढारी, बाहेर ताटकळत होते ते आत आले. आम्हाला पाहुणे म्हणून सोडलं. प्रार्थना करा, भेटा, जेवा, काम करायचं नाही, अशी स्पष्ट ताकीद देऊन. औषधांची बॅग तिथेच राहिली.

बाहेर पडल्यावर गाडीतून पहिली पाटी दिसली : ‘दुका ला दावा’. किस्वाहिली मला येत नाही, पण ही पाटी कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. औषधाचं दुकान. पुढच्या चौकात आणखी एक. गाडीला तिथे ‘गारी’ म्हणतात, विम्याला ‘बिमा’. एरवी मी या शब्दांनी खूश झाले असते, त्या दिवशी मात्र प्रत्येक पाटी मलाच उद्देशून लावल्यासारखी वाटत होती.

खरी गोष्ट मोंबासाला पोचल्यावर कळली. यजमानांनी दोन महिने आधी आमच्या मंडळीकडे ई-मेल पाठवला होता. त्यात औषधं मागितलेली नव्हती, कपडे नव्हते, पैसेही नव्हते. त्यांना आमची नावं आणि कामं हवी होती, म्हणजे इमिग्रेशनकडे अल्पमुदतीच्या स्पेशल पाससाठी, म्हणजे तिथे काम करण्याच्या परवान्यासाठी, अर्ज करता आला असता. आणि माझा नोंदणी क्रमांक हवा होता, कारण परदेशी परिचारिकेला तिथल्या नर्सिंग कौन्सिलची परवानगी लागते. त्या ई-मेलला उत्तर गेलं होतं : ‘आपल्या प्रेमाबद्दल आभार, प्रार्थनेत आठवण ठेवा.’

शिबिर झालं, पण मी बाकावर बसून. तिथल्या सिस्टरनं मला बीपीचा पट्टासुद्धा बांधू दिला नाही. तिशीतली असेल. मला राग आला, आणि त्या रागात मी तिचं काम बघत राहिले. दंड बरोबर हृदयाच्या पातळीला, आजीला आधी पाच मिनिटं गप्प बसवलेलं, रीडिंग दोनदा, नोंद लगेच. एकही पायरी गाळली नाही. माझ्या वॉर्डात मीही तिला पट्टा बांधू दिला नसता. दुपारी तिनंच चहा आणून दिला. त्याला ते ‘चाय’च म्हणतात.

तिथे मला एक गोष्ट समजली, ती आपल्या वाचकांना ठाऊक नसेल म्हणून लिहिते. मोंबासात केंगेलेनी नावाचा भाग आहे. केंगेले म्हणजे घंटा. गुलामांच्या व्यापाऱ्यांची चाहूल लागली की इशाऱ्याला वाजवायची ती घंटा फ्रेअर टाउनची, 1875च्या सुमारास वसलेल्या मुक्त गुलामांच्या वस्तीची. त्या वस्तीत आपल्या नाशिकहून गेलेले लोक होते. भर समुद्रात गुलामांच्या जहाजांतून सोडवून मुंबईला उतरवलेल्या आफ्रिकी मुलांना नाशिकजवळ शरणपूरला मिशननं शिकवलं होतं. त्यांच्यातले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर 1864 सालीच मोंबासाकडे गेले होते. आमच्या चमूत नाशिकला नातेवाईक असलेले चौघे होते, एकालाही हे माहीत नव्हतं. यजमानांच्या शाळकरी मुलीला माहीत होतं. तिनंच आम्हाला घंटा दाखवली.

संपादक महोदय, दौऱ्यांना माझा विरोध नाही, मी पुन्हा जाईन. मंडळ्यांचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिट्यांना माझी विनंती एवढीच, की अर्जावर खरा उद्देश लिहा आणि त्या उद्देशाला जो परवाना लागतो तो यजमानांना विचारून काढा. तो मिळत नसेल तर पाहुणे म्हणून जा आणि पाहुण्यासारखे वागा. इथे रविवारी ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही नववी आज्ञा म्हणायची आणि शनिवारी 11 अर्जांवर ‘पर्यटन’ लिहायचं, हे आमच्या तरुण संघातल्या त्या घाबरलेल्या पोराला जमलं नाही, आम्हा मोठ्यांना सहज जमलं. आपल्या पुरवणीनंही असे लेख छापताना ‘औपचारिकता आटोपून’च्या जागी दोन परिच्छेद मागून घ्यावेत.

त्या सिस्टरला मी माझा नोंदणी क्रमांक या महिन्यात पाठवला आहे. बॅगेची पावती अजून पासपोर्टातच आहे. गुलाबी कागद, वर किलोंचा आकडा आणि खाली माझी सही.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका