गुप्तधनाचे यंत्र आणि दहा कुंड्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. ग्वाल्हेरमध्ये छापील मराठी दैनिक हाती पडणे आता दुर्मीळ झाले असले, तरी आमच्यासारखी काही घरे आपला अंक रोज सकाळी संगणकावर उघडून वाचतात, आणि सवयीप्रमाणे छोट्या जाहिरातींपर्यंत वाचतात. गेले काही रविवार त्या स्तंभात एक मजकूर दिसतो आहे. दोन किलोमीटर अंतरावरून जमिनीत पुरलेले सोने, चांदी आणि जुनी नाणी अचूक दाखवणारे विदेशी यंत्र विकत किंवा भाड्याने मिळेल, शिवाय ‘गुप्तता पाळली जाईल’. ही जाहिरात वाचून हे पत्र लिहीत आहे, कारण असे एक यंत्र आमच्या वाड्यात येऊन गेले आहे.

ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातील जुन्या मराठी घरांना पुरलेल्या धनाच्या गोष्टींची मुळातच आवड आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास येथे स्थिरावली आणि त्या छावणीचेच पुढे शहर झाले. किल्ल्यावरच्या शिंदे घराण्याच्या ठेवीला गंगाजळी म्हणत. जयाजीराव महाराज १८८६ मध्ये वारले तेव्हा वारस माधवराव जेमतेम नऊ वर्षांचे होते आणि तळघरांचे बीजक, म्हणजे धन कुठे आहे हे सांगणारी सांकेतिक खूण, त्यांना सांगायचे राहून गेले, ही आख्यायिका आमच्याकडे प्रत्येक मूल आजीच्या तोंडून ऐकते. (आपल्या अर्थविषयक पानावर ‘परकीय चलनाची गंगाजळी’ असे शब्द आले की मला अजूनही किल्लाच आठवतो.) दुसरी गोष्ट १८५८ ची. तात्या टोपे आणि झाशीच्या राणीने ग्वाल्हेर घेतले, त्या गर्दीत सरदारांनी आपापले हंडे अंगणात पुरले, असे सांगतात. खरे पाहता त्या वेळी शिंद्यांच्या खजिन्यातला पैसा सैन्याच्या पगारासाठी वाटला गेला, आणि तो दिल्याबद्दल खजिनदार अमरचंद बांठिया यांना इंग्रजांनी सराफ्यात फाशी दिले. वाटलेला पैसा अंगणात सापडत नाही, हे मात्र आजीच्या गोष्टीत कधी येत नाही.

आमच्या वाड्याच्या वाटण्या चालू असताना माझ्या चुलत भावाने, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, एका परगावच्या गृहस्थांना बोलावले. एका दिवसाचे एकवीस हजार रुपये आणि जे मिळेल त्यात चौथा हिस्सा, असा करार तोंडी ठरला. यंत्र म्हणजे मुठीत धरण्याचा काळा प्लास्टिकचा दांडा, त्यातून पुढे आलेली आणि दोन्ही बाजूंना सैल फिरणारी पितळी कांडी, आणि कमरेला अडकवलेली एक पेटी. पेटीवर ‘सोने’, ‘चांदी’, ‘हिरा’ अशी बटणे आणि एक लुकलुकणारा हिरवा दिवा होता. गृहस्थ चौकात तीन फेऱ्या मारून आले. प्रत्येक फेरीला तुळशीवृंदावनाजवळ आल्यावर कांडी हळूच डावीकडे वळे, आणि ते दबक्या आवाजात म्हणत, “माल आहे.” दादांनी तुळस हलवली, फरशा काढल्या आणि दोन मजूर लावून सात फूट खणवले. एक फुटका पाटा, एक घोड्याची नाल आणि दगडी बांधणीची जुनी मोरी एवढे सापडले. मोरी कुदळीने फुटली. धन सरकले, असे सांगून गृहस्थांनी दुसऱ्या दिवसाचे पैसे मागितले.

मी तीस वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवले आहे. दुसऱ्या दिवसाचे पैसे मी देतो, पण आधी माझ्या पद्धतीने यंत्र पाहू द्या, अशी अट मी घातली, आणि हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे की त्यांनी ती बिनतक्रार मान्य केली. गच्चीवर मातीच्या दहा सारख्या कुंड्या उपड्या ओळीने मांडल्या आणि एकीखाली वहिनींच्या सोन्याच्या बांगड्या ठेवल्या. कोणत्या कुंडीखाली आहेत हे त्यांना दाखवले, तेव्हा कांडी दहाच्या दहा वेळा तिच्याचकडे वळली आणि दादांचा चेहरा खुलला. मग पुतणीने एक ते दहा आकड्यांच्या चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक खेपेला ती एकटी वर जाई, चिठ्ठी निघेल त्या कुंडीखाली बांगड्या ठेवी, दहाही कुंड्या उचलून पुन्हा मांडी, म्हणजे मातीवरच्या खुणांवरून काही कळू नये, आणि आम्ही वर जाण्यापूर्वी मागच्या जिन्याने उतरून जाई. बांगड्या कुठे आहेत हे मलाही ठाऊक नसे. ते ठाऊक असते तर माझ्या नजरेवरून त्यांना कळले असते. दिवेलागणीपर्यंत वीस खेपा झाल्या आणि तीन बरोबर आल्या.

तीन तरी आल्याच की, असे दादा म्हणाले. दहा कुंड्यांत डोळे मिटून बोट ठेवले तरी वीस खेपांत सरासरी दोन बरोबर येतात, आणि तीन किंवा अधिक येण्याचा योग साधारण तिघांपैकी एकाला लाभतो. गृहस्थांचे म्हणणे वेगळे होते. वर ठेवलेले सोने ‘ताजे’ असते, वर्षानुवर्षे जमिनीत मुरलेल्या सोन्याभोवती जी आभा तयार होते तीच यंत्राला कळते, असे त्यांनी सांगितले. तासाभरापूर्वी त्याच ताज्या सोन्याकडे कांडी दहा वेळा का वळली, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही.

ते गृहस्थ लबाड होते असे मला आजही वाटत नाही. कांडी आपण फिरवत आहोत हे त्यांना खरोखरच कळत नव्हते. जुन्या वाड्याचे एखादे दार ओळंब्यात नसले की ते कोणी न ढकलता आपोआप मिटते. सैल बसवलेली कांडी म्हणजे असेच बिजागरीवरचे दार आहे. मनगट अंशभर कलले की ती उताराच्या बाजूला पूर्ण वळते, आणि एवढे कलणे माणसाच्या ध्यानातही येत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८१२ मध्ये स्वतःवरच याचा प्रयोग केला होता. दोरीला टांगलेला लंबक पाऱ्यावर धरला की तो झुलू लागे. मध्ये काच धरल्यावर झुलणे थांबावे अशी त्यांची अपेक्षा होती आणि ते थांबले. मात्र डोळे बांधून, काच केव्हा सरकवली हे कळू न देता प्रयोग केला, तेव्हा काचेचा काही परिणाम दिसला नाही. मनातल्या अपेक्षेने स्नायू नकळत हलतात, या प्रकाराला पुढे १८५२ मध्ये इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी शास्त्रीय नाव दिले. त्याहून जुनी साक्ष खाणकामाची आहे. जर्मन खाणींत दुबेळक्याच्या फांदीने धातूच्या शिरा शोधत असत. खाणविद्येचा जर्मन अभ्यासक ॲग्रिकोला याने १५५६ च्या आपल्या ग्रंथात तिचे सविस्तर वर्णन केले आहे, आणि जाणत्या खाणकामगाराने तिच्या नादी न लागता जमिनीवरच्या खुणा वाचाव्यात, असा सल्लाही दिला आहे.

आपल्याकडचा पाणाड्या, म्हणजे काठी धरून जमिनीतले पाणी सांगणारा, त्याच जातीचा आहे. पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसाच्या डोळ्यांत अंजन घालून जमिनीतले हंडे पाहणे हाही त्याच घरचा प्रकार. पाणाड्याचे नाव टिकून राहते, कारण पुरेसे खोल गेल्यावर पुष्कळ ठिकाणी पाणी लागतेच; सोन्याचे तसे नाही. जर्मनीत १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळ सुमारे पाचशे पाणाड्यांतून निवडलेल्या ४३ जणांच्या ८४३ चाचण्या झाल्या. धान्यकोठाराच्या खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ गाड्यावरून हलवायचा आणि वरच्या मजल्यावरून त्याची जागा ओळखायची, असा तो प्रयोग होता. प्रयोग करणाऱ्यांना त्यांतले मोजके लोक कसबी वाटले, पण तेच आकडे पुढे पुन्हा तपासले गेले तेव्हा अंदाजापलीकडे काही उरले नाही.

खरे धातुशोधक यंत्र अस्तित्वात आहे, म्हणून हा घोळ अधिक होतो. त्याच्या वेटोळ्यातून बदलती वीज सोडली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, त्यामुळे धातूच्या तुकड्यात भोवऱ्यासारखे फिरणारे वीजप्रवाह उठतात आणि त्यांचा क्षीण प्रतिसाद वेटोळे टिपते. मात्र तुकडा लहान असेल तर अंतर दुप्पट झाले की हा प्रतिसाद चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. म्हणूनच नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर, फार तर दीड वीत खोलीवर कळते. वीतभरावरून दोन किलोमीटरवर जायचे म्हणजे अंतर सुमारे दहा हजार पट करायचे, आणि त्या हिशेबाने प्रतिसाद एकावर चोवीस शून्ये इतक्या पटींनी घटतो. कमरेला अडकवलेल्या पेटीतले नऊ व्होल्टचे सेल तो कशाने टिपणार? ती पेटी पुतणीने त्यांच्या संमतीने उघडून पाहिली होती. सेल हिरव्या दिव्याला जोडलेला होता, आणि कांडीकडे जाणारी तार आतल्या पट्टीपर्यंत येऊन तशीच मोकळी सोडलेली होती.

हा खेळ नेहमीच एकवीस हजारांवर थांबत नाही. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या नावाखाली वीस डॉलरच्या आत विकले जाणारे एक खेळणे थोडे सजवून एडीई ६५१ या नावाने इराकला बॉम्बशोधक म्हणून विकले गेले, आणि एकेका नगाची किंमत हजारो डॉलरवर गेली. बगदादच्या तपासणी नाक्यांवर सैनिक तीच सैल कांडी हातात धरून मोटारी सोडत होते, आणि बॉम्ब शहरात पोहोचत होते. विक्रेता जेम्स मॅक्कॉर्मिक याला मे २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. त्याच धर्तीचे जीटी २०० थायलंडने सैन्यासाठी घेतले होते. २०१० मध्ये तेथील शास्त्रज्ञांनी ते आमच्या कुंड्यांसारखेच झाकून तपासले, तेव्हा वीसपैकी चार उत्तरे बरोबर आली. ते बनवणारा गॅरी बोल्टन सात वर्षांसाठी तुरुंगात गेला.

आपल्या जाहिरातीतील ‘गुप्तता पाळली जाईल’ हे शब्द मला सर्वांत जास्त खटकतात. भारतीय निखात निधी कायदा १८७८ चा आहे. त्यानुसार जमिनीत सापडलेले धन दहा रुपयांहून अधिक किमतीचे असेल (दहा रुपयांत आज आमच्या महाराज बाड्याच्या चौकात एक चहा येतो), तर सापडणाऱ्याने त्याचे स्वरूप, जागा आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावीच लागते. न कळवल्यास वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. कळवल्यास मात्र, दुसऱ्या कोणाचा हक्क सिद्ध न झाल्यास, सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागामालकाला उरलेला हिस्सा देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. हे यंत्रवाले कधी सांगत नाहीत. रात्री खणा, कोणाला बोलू नका, एवढेच सांगतात. त्यांचा धंदा त्या न बोलण्यावरच चालतो. ज्याने लपूनछपून खणले तो फसल्यावर पोलिसांत काय तोंडाने जाईल? दादा गेले नाहीत. तुम्हीच का शोधून घेत नाही, असे विचारले तर त्याचेही उत्तर तयार असते की शोधणाऱ्याला धन लाभत नाही, त्याने हात लावला तर कोळसे होतात. शेकडो वर्षांपूर्वीच्या मांत्रिकाची अट विदेशी यंत्रालाही लागू कशी, हे मात्र गुलदस्त्यातच राहते.

दुसऱ्या दिवसाचे पैसे मी शब्दाप्रमाणे दिले. फुटलेल्या मोरीतून पहिल्याच पावसाळ्यात पाणी मुरले आणि चौकाची पूर्वेकडची भिंत फुगली. ती उतरवून पुन्हा बांधण्याचा खर्च एकवीस हजारांच्या कित्येक पट झाला आहे. वाटणीत तो कोणाच्या नावावर धरायचा, यावरून दोन घरांत अजून बोलणे नाही.

छोट्या जाहिरातींतील प्रत्येक दाव्याची शहानिशा वृत्तपत्राने करावी अशी अपेक्षा मी ठेवत नाही. या एका प्रकाराबाबत मात्र जाहिरात स्वीकारण्यापूर्वी आपण जाहिरातदाराला झाकून केलेल्या चाचणीचा निकाल लेखी मागावा, आणि तो नसेल तर मजकूर परत करावा, अशी विनंती आहे. ‘गुप्तता’ हा शब्द तर आजच काढता येईल. जाहिरातदारास चाचणीची सोय नसेल, तर त्याने ग्वाल्हेरला यावे. दहाही कुंड्या गच्चीवर तशाच आहेत आणि वहिनी बांगड्या द्यायला तयार आहेत. चिठ्ठ्या मात्र आमची पुतणीच काढील.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक
लष्कर, ग्वाल्हेर