केमिकल सूट, पाच नग

प्रति,
मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : औद्योगिक वसाहतींतील अग्निशमन केंद्रांसाठी रासायनिक संरक्षक पोशाखांची निवड

महोदय,

रासायनिक पट्ट्यातल्या एका अग्निशमन केंद्रात सव्वीस वर्षं काढून मी लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झालो. आमच्या मागणीपत्रात दर वेळी तीच ओळ असायची : ‘केमिकल सूट, ५ नग’. कोणत्या रसायनासाठी, ते कुणी विचारत नसे, आम्हीही लिहीत नसू. आणि पाचच का? गळतीत माणसं जोडीनं आत जातात. दोघं आत, दोघं त्यांना ओढून काढायला तयार, दोघं बदली. पाचवा सूट कुणासाठी, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

डोंबिवलीत मे २०१६ आणि मे २०२४, महाडला नोव्हेंबर २०२३. असा स्फोट झाला की ‘जवानांना केमिकल सूट द्या’ अशी मागणी होते. पण ज्वाळांत बहुतेक केमिकल सूट वितळतात. आगीला आगीचा पोशाख आणि पाठीवर बीए सेट, म्हणजे श्वासासाठी दाबलेल्या हवेचं सिलिंडर आणि मुखवटा, हेच हवं. केमिकल सूट गळतीसाठी. उलट, आगीचा पोशाख घालून अमोनियाच्या ढगात शिरलं तर बीए सेटमुळे फुप्फुसं वाचतात, पण हा वायू घाम शोधत जातो. काखेत, जांघेत भाजतं. तिथे वायू आत न येणारा, बीए सेटसकट सगळं पोटात घेणारा सूटच लागतो.

आता कापडाचं. ब्युटाइल रबर असिटोनला तासन्‌तास दाद देत नाही, टोल्यूइनपुढे मात्र काही मिनिटांत हात टेकतं. नायट्राइलचं नेमकं उलटं : हेक्झेन चालतं, असिटोन नाही. भोक पडत नाही, शिवण उसवत नाही. रसायन कापडातून कणाकणानं झिरपतं आणि बाहेरून सूट कोरा करकरीत दिसतो. बहुपदरी कापड पुष्कळ रसायनांना पुरतं, पण त्याचाही तक्ता असतोच : अमुक रसायन, पार व्हायला इतकी मिनिटं. निविदेत हा तक्ता मागितला नाही, तर सर्वात कमी दरवाल्याचा सूट येतो आणि तो कशाला टिकतो, हे घालणाऱ्यालाच कळतं. तेही आत गेल्यावर.

कॅनिस्टरवाले, म्हणजे आजूबाजूचीच हवा गाळून देणारे मास्क स्वस्त म्हणून घाऊक घेतले जातात. वायू कोणता आणि किती आहे हे ठाऊक असेल, आणि हवेत ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली गेला नसेल, तरच ते कामाचे. वर्दी आल्यावर घटनास्थळी पोचलं की पहिल्या दहा मिनिटांत यातलं काहीच ठाऊक नसतं. क्लोरीन १० पीपीएमलाच, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग असला तरी, जिवावर बेतू शकतो. १४ जुलै २०१० ला शिवडीच्या हाजीबंदरात पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरांतून तो गळला, तेव्हा कुणाच्या हाती मोजणी होती?

बीएच्या ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाला सुमारे दोन हजार लिटर हवा मावते. कागदावर पन्नास मिनिटं. मेहनतीच्या कामात जेमतेम अर्धा तास, त्यातून जाणं, परतणं आणि सूट अंगावर असताना धुऊन घेणं वजा करा. वर मे महिना. बंद सूटमध्ये घाम वाळत नाही, माणूस उभ्या उभ्या शिजतो. प्रत्यक्ष व्हॉल्व्ह आवळायला दहा-पंधरा मिनिटं उरली तर नशीब. म्हणून बदलीची जोडी ही चैन नव्हे.

आपण औद्योगिक विकास महामंडळाचे (एमआयडीसी) अध्यक्षही आहात, म्हणून थेट आपल्याला लिहितो. १९८९ च्या घातक रसायन नियमांखाली ठरावीक साठ्यावरच्या कारखान्यांना आपली रसायनं कळवावीच लागतात. ती यादी त्या त्या वसाहतीच्या केंद्राला द्या आणि निविदेला जोडा. प्रत्येक नावापुढे विक्रेत्यानं मिनिटं लिहून द्यावीत. मापं तिथल्या जवानांची घ्या. सहा फुटी गड्याला मध्यम मापाचा सूट चढवताना मी शिवण उसवलेली पाहिली आहे. सरावाचे सूट वेगळे द्या, आणि दाबचाचणी व झिपच्या मेणासाठी दरवर्षी पैसे ठेवा.

मी निवृत्त झालो त्या दिवशी आमचे पाचही सूट पेटीत होते. त्यातल्या दोन सूटांच्या झिपा अडकल्या होत्या.

आपला,
एक निवृत्त लीडिंग फायरमन