धुऱ्यावरच्या झुडपांसाठी गावरान बकरीच बरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की विदर्भात धुरे (शेतांचे बांध) पेटवले जातात. त्यात वरचा पाला जळतो, पण बोराटीचे (रानबोरीच्या काटेरी झुडपाचे) खोड मातीखाली जिवंत राहते आणि पहिल्या पावसाला आणखी दाट फुटते. त्यापेक्षा बकऱ्या सोडणे बरे, असे आता बऱ्याच अल्पभूधारकांना पटू लागले आहे. गडबड होते ती खरेदीत. काटेरी पडीक साफ करायला जमनापारी किंवा बोअर या जातींच्या संकराची महागडी जनावरे आणली जातात. आपल्याकडे ती बहुतेक कोठ्यात ढेप (पेंड) आणि चाऱ्यावर वाढलेली असतात. लांब कान आणि लोंबती कास काट्यांत फाटते, खुराक तुटला की ती खंगतात.

या कामाला आपली बेरारी किंवा बाजारात नुसती 'गावरान' म्हणून मिळणारी तांबूस-तपकिरी बकरीच योग्य. बेरारीची नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे स्वतंत्र जात म्हणून झालेली आहे. मादी तीस किलोच्या आसपास भरते. उस्मानाबादीही चालते, पण ती मराठवाड्याची आणि नावामुळे महाग.

जवळच्या, झुडपांत चरणाऱ्या कळपातूनच बकऱ्या घ्याव्यात, याला आणखी एक कारण आहे. कोणता पाला खायचा आणि कोणता टाळायचा, हे पिल्लू मायच्या मागे चरताना शिकते. बाहेरून आणलेली भुकेली बकरी रायमुनियावर (घाणेरीवर) तुटून पडते आणि तिचे यकृत बिघडते. डोळे पिवळे होतात, लेंडी बंद होते, ती ऊन टाळते, कान-नाकाची कातडी सोलते. नाल्याकाठची बेशरम तर त्याहून वाईट. टंचाईत एकदा चव लागली की बकरी तीच शोधत फिरते, पुढे मागचे पाय लुळे पडतात. म्हणून बकऱ्या सोडण्याआधी वावरात फिरून बेशरम मुळासकट उपटावी, रायमुनिया तोडून बाहेर टाकावी. कण्हेर आणि रुईचेही तेच.

बकरी सगळेच खाते, हा समज खोटा आहे. बोराटी, बाभूळ, हिवर, वेली ती आवडीने खाते. तरोट्याला (टाकळ्याला) आणि गाजर गवताला शक्यतो तोंड लावत नाही, ते फुलावर येण्याआधी हातानेच उपटावे लागते. विलायती बाभळीचा पालाही तिला फारसा रुचत नाही, रुचतात शेंगा. त्या पचल्या तरी बी लेंडीतून शाबूत पडते आणि तुम्ही साफ करायला निघालेल्या वावरातच नवी रोपे उगवतात. शेंगा पिकण्याच्या दिवसांत त्या तुकड्यात बकऱ्या नकोत.

खरेदी करताना तोंड उघडून बघा. खालचे दोन पक्के दात म्हणजे सव्वा वर्षाच्या आसपास, चार दात म्हणजे दोन वर्षांच्या आगेमागे. या कामाला याच वयाच्या घ्याव्यात, झिजलेल्या दातांची म्हातारी स्वस्त मिळाली तरी नको. खालची पापणी उलटून पाहा. आतून गुलाबी-लाल हवी. पांढरट असेल तर बहुधा पोटात जंत आहेत, जबड्याखाली सूज असेल तर ते बरेच वाढलेले आहेत. गळ्याखाली गाठी, ओठांवर मावा (फोड-खपल्या), लंगडणे, पातळ लेंडी, यातले काहीही दिसले तर पुढच्या बकरीकडे वळावे. बाजारात ठोक अंदाजाने सौदा होतो, तिथे टेप कामी येते. छातीचा घेर इंचात मोजून त्याचा वर्ग करा, त्याला खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि 660 ने भागा. घेर 27 आणि लांबी 25 असेल तर वजन साडेसत्तावीस किलोच्या जवळपास येते.

नुसती झुडपे काढायची असतील तर खस्सी (खच्ची केलेले) बोकड सगळ्यात परवडतात. गाभण राहणे नाही, कास फाटणे नाही, शेवटी मांसाला विकता येतात. फक्त त्यांना धान्य आणि कोंडा भरमसाट देऊ नये, मूतखडा होऊन लघवी अडते. सगळे एकाच कळपातले घेतले तर झुंजीही कमी होतात. आणल्यावर एकवीस दिवस वेगळे बांधावेत आणि पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) व आंत्रविषाराच्या लसी पशुवैद्यकीय दवाखान्यातून टोचून घ्याव्यात.

पंचवीस किलोची बकरी दिवसाला तीन-चार किलो हिरवा पाला खाते, म्हणजे दहा बकऱ्यांना साधारण पस्तीस किलो लागतो. दाट झुडपांचा एक एकर त्यांना महिनाभर पुरेल, असा ढोबळ हिशेब धरावा. मात्र पूर्ण एकर एकदम मोकळा सोडला तर त्या आवडीचे तेवढे खातात आणि बाकीचे वाढत राहते. अर्ध्या-अर्ध्या एकराला धनगरांच्या वाघुरीसारखी चार फूट जाळी लावावी. शिंगे अडकतात, म्हणून दिवसातून दोनदा फेरी मारावी. दोरीने बांधून चारणे झुडपांत नकोच, दोरी गुंतून गळफास बसतो. मागच्या पायांवर उभी राहून बकरी पाच-सहा फुटांपर्यंत पोचते. त्याहून उंच झाड कुऱ्हाडीने गुडघ्याइतके तोडावे, म्हणजे नवा फुटवा तिच्या तोंडाशी येईल. सगळा पाला ओरबाडला की तुकडा बदलावा आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा तिथे आणावे. तीन-चारदा असे झाले की खोड थकते. एकदाच चारून सोडले तर काहीच साधत नाही, आणि बहुतेक जण इथेच हरतात.

सोडायचा काळ पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर निघाल्यावरचा. उभ्या पिकात फवारणी चालू असताना शेजारच्या धुऱ्यावर बकरी नेणे धोक्याचे आहे. लाळ गळून थरथरू लागली तर डॉक्टर येईपर्यंत वेळ फार थोडा असतो. ज्वारीच्या खोडक्यांना आलेला कोवळा फुटवा खाल्ला की किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते. पावसाळ्यात ओल्या गवतावर सकाळी लवकर सोडू नये, जंतांच्या अळ्या तेव्हा पात्यावर असतात. ताडोबा, टिपेश्वर, मेळघाटच्या आसपास दिवस मावळण्याआधी कळप कोठ्यात हवा. पाणी आणि चाटायच्या खनिज विटा सावलीत ठेवाव्यात.

बकरी ईदच्या तोंडावर खरेदीला जाऊ नये, भाव चढलेले असतात. सध्या ईद उन्हाळ्यात येते, म्हणजे झुडपे खाऊन तयार झालेले खस्सी बोकड त्याच बाजारात विकता येतात.

आपला,
एक बकरीपालक, ता. दिग्रस, जि. यवतमाळ