मध्यास पत्र: झुलीचा घोळ

निफाड,
संक्रांतीच्या आधीचा रविवार

प्रिय मध्या,

सप्रेम नमस्कार. तुझ्या मेसेजांना नुसता अंगठा दाखवून गप्प बसलो, हे खरं. पण सांगायचं ते अंगठ्यात मावणारं नव्हतं, आणि फोनवर तू मधे मधे बोलतोस. म्हणून कागद घेतला. खुशाली एका दमात उरकतो: आईची साखर ताब्यात, माझा गुडघा बेताब्यात, शैला ठणठणीत.

आता ऐक. मी शिंगरं घेतली. एक नाही, दोन. दत्तजयंतीला सारंगखेड्याला गेलो होतो. एकमुखी दत्ताचं दर्शन घ्यायचं, घोडेबाजारातून नुसती एक चक्कर मारायची आणि परत, एवढंच ठरलं होतं. ओरडू नकोस. द्राक्षाचे पैसे अजून यायचेत हे मला माहीत आहे, शैला रोज आठवण करून देते. थोरला दीड वर्षाचा, कुमैत (तांबूस-तपकिरी), पंचकल्याणी (चारही पाय आणि कपाळ पांढरं), अंगाने भरलेला आणि डोक्याने रिकामा. त्याला पाहून मला कोणाची आठवण येते ते लिहीत नाही. धाकटी आठ-नऊ महिन्यांची, अबलख (अंगावर पांढरे पट्टे), कानांची टोकं एकमेकांना टेकतात. दोघंही मारवाडी. अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ बघतात, त्या भोवऱ्यांचं विचारू नकोस. भोवऱ्यांवरून आपलं जे वाजलं ते घोडेवाल्या चाचाच्या ओट्यावर वाजलं, तिथेच राहू दे. माझं मत अजून तेच आहे.

घोळ झालाय तो झुलीवरून. गेल्या आठवड्यापासून उत्तरेचं वारं सुटलंय. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पहाटे पारा पाच-सहाच्या घरात. तुला हसू येईल, तुमच्याकडे कॅनडात पाच म्हणजे पोरं अर्ध्या चड्डीत हिंडत असतील. पण निफाडची थंडी तू विसरलास की काय? २०१८ च्या डिसेंबरात इथे १.८ झालं होतं. बागेत शेकोट्या पेटवतोय, पहाटे ड्रीप सोडतोय, नाहीतर मणी तडकतात. रात्री उठून बागेत जायचं, येताना शेडमध्ये डोकवायचं. थोरला राजासारखा आडवा पसरलेला. आणि धाकटी वाऱ्याकडे ढुंगण करून, शेपूट पायांत दाबून उभी. मग कसली झोप येते?

घरात प्रत्येकाला मत आहे. आई म्हणते, लेकरू आहे, पांघरूण घाल, आपण रजईत आणि ते उघडं, पाप लागेल. शैला म्हणते, आधी माणसांच्या रजया नव्या भरून आण. मेव्हण्याने (हो, तोच, तुझ्या वरातीतल्या घोडीवाला) पुण्याहून विलायती झूल आणून दिली: तीनशे ग्रॅम भरावाची, वरून पाणी न शिरणारी, छातीला बकलं, पोटाखाली पट्टे, मांड्यांतून आणखी पट्टे. लष्करातल्या माणसाच्या ट्रंकेलाही एवढी बकलं नसतात. चाचाने ती हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, म्हणाला, "छान आहे. तू पांघर."

चाचाचं म्हणणं तुला पाठच असेल. घोड्याचे केस हीच त्याची झूल. थंडी वाजली की ते उभे राहतात, मधे हवा कोंडते आणि अंगाची ऊब आत राहते. वर पातळसं काही टाकलं की तो फुलोरा दबतो. म्हणजे अंगची ऊब गेली आणि बदल्यात मिळाली एक चादर. म्हणून घालायचीच तर जाड घाल, नाहीतर घालू नकोस. आणि जाड घातलीस तर सकाळी काढायला ऊठ! कारण आपल्याकडची खरी पंचाईत ही आहे, मध्या: पहाटे पाच आणि दुपारी अठ्ठावीस. तुमच्याकडे एकदा गारठलं की गारठलं, झूल दिवसेंदिवस अंगावर राहिली तरी फारसं बिघडत नाही. इथे नऊ वाजता ऊन चटके द्यायला लागतं. झूल राहिली अंगावर की शिंगरू आतून घामेजतं, आणि तोच घाम संध्याकाळी वारं लागून गार पडतो. झुलीने आजारी पाडायचं तर हा सोपा मार्ग आहे.

डॉक्टरांना बोलावलं. ते झुलीवर बोलायलाच तयार नाहीत. म्हणाले, वैरण वाढव. चंदी (दाणा) नाही, वैरण. कडबा, सुकं गवत, लांब धाग्याचं काहीही. ते मागच्या आतड्यात आंबतं आणि त्यातून ऊब तयार होते, तिथेच शेगडी. दाण्यातून तेवढी होत नाही, उलट पोटशूळ उठायचा धोका, आणि वाढत्या वयात दाणा जास्त झाला तर हाडंसांधे बिघडतात. आईला हे अजिबात पटलेलं नाही. ती गुपचूप गूळ-मेथी चारते, थोरला तिच्या पदराला हुंगत फिरतो.

तू तो फोटो पाठवला होतास, शेजारच्या रानातले घोडे, पाठीवर वीतभर बर्फ. मी लिहिलं होतं की हे लोक निर्दयी आहेत. त्यावर तू इंजिनिअरकी झाडलीस, की पाठीवरचा बर्फ वितळत नाही याचा अर्थ आतली ऊब बाहेर गळत नाही. ते डोक्यात राहिलं होतं. आता मुद्दाम वाचलं. तुमच्या कॅनडातच लोकांनी हे मोजून ठेवलंय: तिथल्या थंडीला सरावलेला मोठा घोडा उणे १५ पर्यंत नुसत्या अंगच्या केसांवर निभावतो, त्याखाली उतरलं की मग ऊब टिकवायला जादा खाणं लागतं. सौम्य हवेतल्या घोड्याची हीच रेघ ५ च्या आसपास. आणि वर्षाच्या शिंगराचं असं की भरपेट खायला मिळालं तर उणे ११, मोजून मिळालं तर शून्यालाच रेघ आली. एकाच वयाची शिंगरं, फरक पोटाचा! डॉक्टर काही चुकीचं सांगत नाहीत.

पण हे आकडे घेऊन मी शेडमध्ये उभा राहतो आणि धाकटीकडे पाहतो तेव्हा ते तिला लागू पडत नाहीत. अडचण इथे आहे आणि ती घरात कोणाला सांगून कळत नाही, म्हणून तुझ्या डोक्याशी आलो. आकडे सरावलेल्या जनावराचे आहेत. ही सरावलेली नाही. विकणाऱ्याने हिला बाजारासाठी झुलीखाली ठेवून, खरारा करकरून काचेसारखी चकाकवली होती. मलाही ती चकाकीच आवडली, नाही कशाला म्हणू. नुकती आईवेगळी झालेली, टेम्पोत हादरे खात आलेली, फासळ्या हाताला लागतात. केस बारीक आणि चपटे. थोरल्याच्या अंगात बोट घातलं तर नख दिसत नाही. हिचं कातडं दिसतं. बरं, आता वाढवायचे म्हटलं तर केस हे मुख्यतः दिवस लहान होतात त्या हिशेबाने वाढतात, थंडीचा हातभार थोडाच. बावीस डिसेंबर होऊन गेला. दिवस मोठे व्हायला लागले, आता अंग केस गाळायच्या तयारीला लागणार. म्हणजे यंदाची झूल तिने अंगावर विणलीच नाही आणि आता विणायची वेळही गेली. अंगही लहान, त्यामानाने कातडं जास्त, म्हणजे ऊब गळायला जागा जास्त. शिवाय खाल्लेलं वाढीला लागतं ते वेगळंच. मग चाचाचा नियम हिला लावायचा का?

नॉर्वेत एक गंमत केली आहे, ती सांगतो. तिथे २३ घोड्यांना पाट्या ओळखायला शिकवल्या: आडवी रेघ म्हणजे झूल घाल, उभी रेघ म्हणजे काढ, कोरी पाटी म्हणजे आहे ते असू दे. सगळे शिकले. मग पाऊस-वारा-गारठा असला की ते नाक लावून झूल मागायचे आणि उबदार दिवशी काढायला सांगायचे. २०१६ साली छापून आलंय. मी हे जेवताना सांगितलं तर शैला म्हणाली, या घरात मला अशी पाटी कधी मिळेल?

मला मात्र त्यातलं पाऊस-वारा तेवढं चिकटलं. कारण तुझे आप्पा. आठवतंय, आपल्या घोडीला, राणीला, आप्पांनी थंडीपायी कधी गोणपाट घातलं नाही. पंचवटीतून भिजून आली की मात्र लगेच पाठीवर सुक्या गवताचा थर आणि वर गोणपाट. अंग सुकलं की काढून टाकायचे. भिजलं की केस चिकटतात आणि सगळा कारभार कोसळतो, हे त्यांना कुठल्या नॉर्वेने सांगितलं नव्हतं. आणि ते गोणपाट ज्या रात्री आपण दोघांनी पांघरून घेतलं त्या रात्रीचे फटके मला एकट्याला बसले, कारण तू झोपेचं सोंग घेतलंस. वहिनीलाही तू ही गोष्ट उलटी सांगितली आहेस असं कळलं. मी हे विसरणार नाही.

तर ठरवलं ते असं. थोरल्याला झूल नाही, कुठल्याच पाऱ्याला नाही. शेडच्या उत्तरेला आणि पश्चिमेला बागेतलं जुनं शेडनेट दुहेरी करून, त्यावर गोणपाटं शिवून आडोसा केला. छत आहेच. नुसतं वारं अडलं तर धाकटीने शेपूट खाली सोडली, त्याच रात्री! खाली पेंढा जाड टाकला. रात्री झोपताना कडब्याची मोठी पेंढी, पहाटेपर्यंत तोंड चालू राहील एवढी. पाणी टाकीतलं द्यायचं नाही, पहाटे विहिरीचं ताजं उपसायचं, ते कोमट असतं. गार पाण्याला ती तोंड लावत नाही, आणि सुकी वैरण खाऊन पाणी कमी पडलं तर पोट बांधतं. धाकटीला झूल फक्त दोन वेळा: अवकाळी आला आणि वारं सुटलं तर, किंवा कापताना दिसली तर. कान गार आहेत म्हणून नाही, कान गार असतातच. सूर्य वर आला की काढायची, ते काम धाकट्या चिरंजिवांकडे. झुलीखाली फासळ्या दिसत नाहीत, म्हणून रोज हात घालून चाचपायच्या, ते माझ्याकडे.

यावर गावात चर्चा अशी की नानाने घोडीला शाल दिली आणि घोड्याला उघडं ठेवलं. आई तर थोरल्याजवळ उभी राहून मोठ्याने माझ्या पक्षपाताबद्दल बोलते.

तिढा पुरता सुटलेला नाही. परवा कापत होती म्हणून पहिल्यांदा झूल चढवली, तर थोरल्याने रात्रभर तिचा छातीचा पट्टा चघळला आणि सकाळी झूल अर्धी पोटाखाली लोंबत होती. पाय अडकला असता तर? वेगळं बांधावं तर ती ओरडून घर डोक्यावर घेते, शिवाय थोरल्याच्या अंगाला टेकून उभी राहते तीही एक ऊबच आहे. तुझ्या त्या शेजारच्या घोडेवाल्या आजींना विचार: उशिरा आलेलं, केस न धरलेलं शिंगरू त्या काय करतात? सोबत्यासकट ठेवतात की आत घेतात? आणि खांद्याला झूल घासून केस जातात त्यावर काय करतात? नीट विचार. तुझ्या पदरचं मिसळू नकोस.

बाकी तुझं मनगट भरून आलं का? श्रेयाचं कॉलेज ठरलं का, की अजून तुमची बापलेकीची जुंपलीच आहे? तिला तिच्या मनासारखं करू दे. वहिनीची रात्रपाळी संपली असेल तर तिला सांग, लोणचं मेव्हण्याच्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवतोय. एप्रिलमध्ये येणार असशील तर तारीख आधी कळव, छाटणी सुरू असेल. आणि तिकडून झूल आणू नकोस. शिंगरं आहेत, पुढच्या दिवाळीपर्यंत आखूड होईल.

तुझा,
नाना

ता.क. आत्ता शेडमधून आलो. दुसरा पट्टाही खाल्ला. मेव्हण्याला काय सांगायचं तेही सुचव.