ठोंब्याच्या चोचीसाठी डॉक्टर मॅडमला थँक्यू

डॉक्टर मॅडम, नमस्कार,

क्लिनिकमध्ये तुमच्याशी निवांत बोलणं होतच नाही, मागे लॅब्राडोरवाले अन् पर्शियन मांजरवाले नंबर लावून बसलेले असतात, म्हणून म्हटलं सगळ्यांसमोरच लिहावं, नागपुरात अजून चार कासववाले असतील त्यांच्याही कामी येईल. कासवाच्या चोचीचा इलाज करून आणला म्हटलं की लोक अजूनही हसतात बाप्पा, चोच काय पक्ष्यालाच असते का!

ठोंब्या, म्हणजे आमचं कासव, आमच्याकडे मावसभावाकडून आला, त्याची बाहेर बदली झाली म्हणून. तिथे साहेबांचे लाड होते, काकडी, टमाटर, पिकलेली पपई अन् वरून दुधात भिजवलेली पोळी. आमच्याकडे आला तेव्हाच वरची चोच पोपटासारखी खाली वळलेली होती, पण आम्हाला वाटलं दिसतोच असा. मग तो खाऊनच नव्हता राहिला. म्हणजे भूक होती, जास्वंदाच्या पानावर तोंड मारायचा, पान कडेने चेंदायचं पण तुटायचं नाही, घसरून बाहेर यायचं, की हा पुन्हा तोंड मारणार, शेवटी पुढच्या पायाने पान दाबून ओढायचा. आई म्हणे अरे याला दात आले का काय. एका दुकानात दाखवलं तर त्याने सरळ नेलकटरच काढला, दोन मिनटाचं काम आहे म्हणे. तिथून उठलो अन् विचारत विचारत तुमच्याकडे आलो.

तुम्ही आधी चोच पाहिलीच नाही, आधी विचारलं हा स्टार तर नाही न. तेव्हा जरा घाबरलो होतो, पण बरं झालं विचारलं, कारण आपला देशी स्टार कासव घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे अन् तरी तो सर्रास विकला जातो. ठोंब्या सुलकाटा जातीचा, आफ्रिकेतला, परिवेश या सरकारी पोर्टलवरच्या नोंदीचे कागद दाखवले तेव्हा तुम्ही हसून म्हणाल्या, ठीक आहे, पण हा ४०-५० किलोचा झाला की ठेवणार कुठे? त्याचं उत्तर अजून सापडलं नाही मॅडम, गच्ची पाहून राहिलो.

मग तुम्ही अंगठ्याने त्याचा खालचा जबडा हळूच दाबून पाहिला, कवचाच्या कडा दाबून पाहिल्या. कॅल्शियम कमी पडलं की हाड मऊ होतं, जबडा वाकडा होतो अन् मग चोचीवर चोच बसतच नाही, अशा वेळी नुसती घासून काही फायदा नाही, हे तुम्ही सांगितलं तेव्हा डोक्यात शिरलं. त्याचा जबडा टणक निघाला, आई बाहेर येऊन गणपतीला हात जोडून आली.

घासायचं काम मी कधी विसरणार नाही. ठोंब्या डोकं आत ओढून फुस्स करून बसला, अन् तुम्ही घाई केली नाही, बाहेर पेशंट असूनही तो डोकं काढेपर्यंत थांबल्या. मग जबड्याच्या मागून दोन बोटांनी धरलं अन् ते छोटं फिरणारं ग्राइंडर लावलं, एक-दोन सेकंद घर्रर्र, की थांबायचं, चोच गरम होऊ नये म्हणून, पुन्हा घर्रर्र. टॉवेलवर पांढरी भुकटी अन् खोलीत केस जळाल्याचा वास. कंपाउंडर दादा म्हणाले वास येणारच, चोच म्हणजे आपल्या नखाचंच केराटिन. मला वाटलं एकाच बैठकीत सगळी सरळ करणार, पण तुम्ही टोक घेतलं अन् बंद. आत जिवंत भाग असतो, तो लागला तर रक्त येतं, दुखतं, अन् कटरने तर चोच उभी चिरते. बाकीची मध्ये काही आठवडे सोडून थोडी थोडी केली. दुसरं कोणी असतं तर एका दिवसात करून मोकळं झालं असतं अन् मीही खुशीत पैसे देऊन आलो असतो, म्हणून याचा थँक्यू सगळ्यात मोठा.

अन् मग तुम्ही त्याच्या ताटाकडे वळल्या. सहाराच्या खालच्या सुक्या पट्ट्यातला प्राणी, दिवसभर गवत ओरबाडणारा, त्याला पपई काहून द्यायची? पोळी-दूध तर बंदच, पालकही नको, त्यातलं ऑक्झालेट कॅल्शियम अडवतं. आता मुख्य जेवण हराळी, सोबत तुतीची पानं, जास्वंद, कधी काटे काढून फड्या निवडुंग. न फवारलेली हराळी शोधायची जबाबदारी आईची, आता गणपतीच्या आधी दुर्वा ठोंब्याला जातात अन् तिला त्याचं काही वाटत नाही. जेवण प्लेटमध्ये नाही, शहाबादी फरशीच्या खरखरीत तुकड्यावर, खाता खाता चोच घासली जाते. शेजारच्या काकू अजून संत्र्याची फोड घेऊन येतात, नागपूर आहे, त्यांना नाही म्हणणं काही जमत नाही, फोड आम्हीच खातो.

लाइटचंही तसंच. त्याच्यासाठी लावलेली खास ट्यूब पेटते म्हणजे यूव्हीबी, म्हणजे हाडं घट्ट व्हायला लागणारे उन्हातले किरण, मिळतं असं नाही, उजेड राहतो पण यूव्हीबी आधीच संपतं, अन् खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा त्या बाबतीत उपयोग नाही, हे तर मी दहा जणांना सांगून बसलो. आता सकाळचं कोवळं ऊन गच्चीवर, सोबत सावली अन् पाण्याचं पसरट भांडं, मे महिन्यात तर ऊन चढायच्या आत खाली.

तुम्ही सांगितलं तसा दर महिन्याला बाजूने एक फोटो काढतो, त्याच कोनातून, अन् मागच्याशी ताडून पाहतो. आता पान करकन तुटते. पाहायला बोलावतो घरच्यांना.

कॅल्शियमसाठी द्यायचं ते कटलबोन, म्हणजे कटलफिश या समुद्री प्राण्याचं आतलं कवच, ऑनलाइन महाग पडत होतं, मग इतवारीत जडीबुटीवाल्याकडे समुद्रफेन म्हणून तेच मिळालं, तेही स्वस्तात. जास्तीचे तुकडे कंपाउंडर दादांकडे ठेवून आलो, कोणाच्या कासवाला लागले तर देऊन टाका, मागची कडक बाजू मी काढून ठेवली आहे.

तुमचा,
ठोंब्याचा बाबा