उल्केच्या खड्ड्यातल्या गावाहून

आउग्सबुर्ग, जर्मनी,
ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथे मजेत आहे. थंडी चांगलीच पडून राहिली आहे, पण आजीने विणलेला स्वेटर पुरतो, काळजी करू नका. तिकडे नागपूरला कळमन्याच्या बाजारात आंबिया बहाराची संत्री यायला लागली असतील. दादाला म्हणावं, माझ्या वाटची खाऊन टाक.

गेल्या आठवड्यात नॉर्डलिंगनला जाऊन आले. फोनवर सगळं सांगणं होत नाही आणि या गावाबद्दल घाईत सांगायचं नाही, म्हणून हे पत्र.

इथून डोनाउवोर्टला गाडी बदलायची आणि पुढे छोट्या गाडीने जायचं. दोन्ही बाजूंना सपाट शेतं, मधेच एखादं खेडं. खिडकीतून वेगळं असं काहीच दिसत नाही. पण बाबा, तुम्ही त्या वेळी २४ किलोमीटर रुंदीच्या खड्ड्याच्या तळातून जात असता! खापरीहून निघून नागपूर ओलांडून कामठी गाठावी, जवळपास तेवढी त्याची रुंदी. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी एक-दीड किलोमीटर आकाराची उल्का इथे आदळली. त्या धक्क्याने वितळलेल्या वाळूची हिरवी काच तयार झाली आणि ती उडून पार आजच्या चेक देशात जाऊन पडली. तिथे आजही शेतात तिचे तुकडे सापडतात, त्यांचे दागिने करतात.

नॉर्डलिंगन या खड्ड्यात वसलेलं आहे. गावाभोवती जवळजवळ गोल तटबंदी आहे आणि तिच्यावरून छपराखालून सबंध गावाला फेरी मारता येते, २.७ किलोमीटरची. चालता चालता माझ्या मनात आलं, ही भिंत जेवढं गाव कवेत घेते, तो दगडही साधारण तेवढाच होता.

गावाच्या मध्यभागी सेंट जॉर्जचं चर्च आहे. त्याच्या ९० मीटर उंच मनोऱ्याला लोक लाडाने 'डॅनियल' म्हणतात. ३५० पायऱ्या आहेत. वर पोचल्यावर धाप लागते, आणि मग जे दिसतं त्यासाठी आणखी ३५० चढाव्यात. खाली लाल कौलांचं गाव, पलीकडे शेतं, आणि दूर चहूकडे परातीच्या काठासारखी उठलेली निळसर टेकड्यांची कड. खड्डा पहिल्यांदा दिसतो तो इथून. रात्री दहापासून बारापर्यंत मनोऱ्यावरचा राखणदार दर अर्ध्या तासाने गावाला हाक देतो. शतकानुशतकांची ही रीत अजून चालू आहे.

पण मला खिळवून ठेवलं ते त्या चर्चच्या दगडाने. राखाडी, खरखरीत, त्यात काळपट काचेचे चपटे तुकडे अडकलेले. मी नाक लावून पाहत उभी होते, येणारे-जाणारे वळून बघत होते. या दगडाला सुएव्हाइट म्हणतात. उल्का आदळली तेव्हा खडकांचा चुरा आणि वितळलेली काच एकत्र मिसळून खाली बसली, त्याचा हा दगड झाला. खालच्या जुन्या खडकात ग्रॅफाइट होतं, त्यावर एवढा दाब पडला की त्याचे हिरे बनले. आई, सबंध गावाच्या भिंतींत हिरे आहेत, पण सूक्ष्मदर्शकाखालीच दिसावेत इतके बारीक. साऱ्या परिसरात मिळून असे सुमारे ७२ हजार टन हिरे असावेत असा अंदाज आहे. पंधराव्या शतकात ज्या गवंड्यांनी हे चर्च बांधायला घेतलं, त्यांच्या लेखी तो जवळच्या खाणीतला बरा दगड होता.

हा खड्डा ज्वालामुखीचा आहे, असंच फार काळ मानलं जायचं. १९६० मध्ये यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या अमेरिकन शास्त्रज्ञांना इथल्या सुएव्हाइटमध्ये कोएसाइट नावाचं खनिज सापडलं. गारगोटीवर अफाट दाब पडला तरच ते बनतं आणि तेवढा दाब ज्वालामुखीच्या स्फोटात तयार होत नाही. तिथे वाद मिटला. पुढे १९७० मध्ये 'नासा'ने अपोलो १४ च्या अंतराळवीरांना, ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेलना, दगड ओळखायला शिकवण्यासाठी इथेच आणलं. गावातलं रीस विवराचं, म्हणजे याच खड्ड्याचं, संग्रहालय १५०३ सालच्या कोठारात आहे, आणि तिथे चंद्रावरून आणलेला दगडही ठेवलेला आहे.

त्या संग्रहालयात मला आपलं लोणार फार आठवलं. आदळल्यानंतर या खड्ड्यात पाणी साचून खारट, क्षारयुक्त तळं झालं होतं. पुढे गाळ साचत साचत ते बुजलं. १९७३ मध्ये इथे १,२०६ मीटर खोल विंधन घेतलं, तेव्हा वरचे तीनशेहून अधिक मीटर त्या तळ्याचाच गाळ निघाला. म्हणजे हे गाव जे कधीकाळी होतं, ते आपल्याकडे अजून जिवंत आहे! लोणारचं खारं पाणी, काठावर कमळजादेवी, वर गोमुखाची गोडी धार, गावात दैत्यसूदनाचं देऊळ. आणि लोणार उल्केमुळेच झालं, हे शास्त्रज्ञांनी पुराव्यानिशी मांडलं तेही १९७३ मध्येच. आपलं विवर १.८ किलोमीटरचंच, पण ते काळ्या बेसाल्टमध्ये आहे. चंद्रावरच्या काळपट डागांतला खडकही बेसाल्टच, म्हणून जगभरचे अभ्यासक तिथे येतात. आपण लग्नकार्याला बुलडाण्याला जातो आणि लोणारला न थांबता परततो, याचं मला आता खरंच वाईट वाटतं.

बाबा, तुम्ही हिस्लॉप कॉलेजात शिकलात. ते स्टीफन हिस्लॉप नागपूरच्या खडकांचे जीव लावून अभ्यास करणारे होते. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ते ओढ्यात बुडून गेले. तशीच वर्तुळं काटोल रोडला जुनापाणीला तीनशेच्या आसपास आहेत, लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मेलेल्यांसाठी मांडलेली. घरापासून अर्ध्या तासावर! इथे असं काही असतं तर शाळेची पोरं दरवर्षी रांगेने नेली असती. दादाने पिलूला एखाद्या रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, घेऊन जावं. दगडांवर वाटीएवढे कोरलेले खळगे असतात, ते तिला बोट घालून मोजू द्या. आणि दिवाळीच्या सुट्टीत समृद्धीने मेहकरला उतरून लोणार कराच.

तुम्ही दोघं मे महिन्यात इकडे या. बाबांच्या गुडघ्यांसाठी मनोरा नको, तटबंदीवर एक जिना चढला की पुढे सगळं सपाट आहे, हळूहळू जाऊ. आईच्या पासपोर्टची मुदत संपत आली आहे, तो आधी नवा करून घ्या, मग बाकीची कागदपत्रं मी इथून पाठवते.

आजीला नमस्कार, पिलूला गोड पापा.

तुमची,
धाकटी